कुष्ठरोगाचं निदान नुसत्या पेनाच्या टोकावर किती दिवस?

निवृत्त_लॅबवाला
तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, म्हणून राहवत नाही. कुष्ठरोगाची त्वचालेप तपासणी (कातडीतला रस काचेवर घेऊन जंतू बघायचे), आमच्या भाषेत नुसतं 'स्मिअर', प्राथमिक आरोग्य केंद्रांतून जवळपास गेलीच. आता चट्टा दिसला की डोळे मिटायला लावायचे, बॉलपेनचं टोक टेकवायचं आणि 'कुठं लागलं? बोट ठेवा' म्हणायचं. चट्ट्यावर काही कळलंच नाही की कुष्ठरोग. पाचपर्यंत चट्टे असतील तर 6 महिने गोळ्या, जास्त असतील तर 12.

पण ज्याला चट्टाच नाही त्याचं काय? माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला होता. चेहरा तेल चोपडल्यासारखा तुकतुकीत, भुवयांचे बाहेरच्या बाजूचे केस गेलेले, कानाच्या पाळ्या जाड. दोन वर्षं कुठल्याशा खासगी दवाखान्यात ॲलर्जीच्या गोळ्या खात होता. पेन कुठंही टेकवा, बरोबर सांगायचा. मी पाळी चिमटीत घट्ट धरली, ब्लेडने बारीक चीर दिली, रक्त न येऊ देता रस खरवडून काचपट्टीवर घेतला. लाल काड्यांचे, म्हणजे जंतूंचे, गठ्ठेच्या गठ्ठे!

2005 च्या डिसेंबरात 'दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण' म्हणून देशाने दूरीकरण गाठलं, त्यानंतर स्मिअर करणारी माणसं निवृत्त होत गेली, बदली कुणी आलं नाही. निदान तालुक्याला तरी ही तपासणी परत आणा.

पीएचसी_एमओ
काका, तुमचा ट्रॅक्टरवाला खरा. पण माझ्या आरोग्य केंद्राच्या ओपीडीत दोन-चार चट्टे घेऊन येणारेच जास्त, आणि त्यांच्या चट्ट्यात जंतू इतके थोडे की स्मिअर बहुधा निगेटिव्हच. तो कागद खिशात घालून माणूस 'मला नाहीये' म्हणत घरी जातो. औषध सुरू करायला स्मिअरची अट जागतिक आरोग्य संघटनेनेही ठेवलेली नाही. आतल्या गावातून आलेल्या बाईला 'तालुक्याला जाऊन काचपट्टी करून या' म्हटलं की ती परत येत नाही हो. तोवर नस कामातून जाते. कोपरामागची नस बोटाखाली जाड लागते का, हे नव्या डॉक्टरांना शिकवा आधी.

चौकस_नागपूरकर
2026 मध्ये ब्लेड आणि बॉलपेन यावर भांडताय? कोविडात अख्ख्या देशाचे स्वॅब घेतले. टीबीला सीबीनॅट हे जंतूची जनुकं शोधणारं मशीन आहे. कुष्ठरोगालाही पीसीआर लावा, विषय संपला.

पीएचसी_एमओ
संपत नाही. सीबीनॅटचं कार्ट्रिज टीबीचं, त्यात कुष्ठरोग सापडत नाही. आणि रुग्णाच्या घरातल्या धडधाकट माणसाच्या नाकातही हे जंतू मिळू शकतात. त्या सगळ्यांना रुग्ण म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत पीसीआर, अँटिबॉडी दोन्हींचा विचार झाला आणि नेहमीच्या तपासणीला जोड म्हणून एकाचीही शिफारस झाली नाही. हां, रोग उलटला आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडतंय का हे बघायचं असेल तर पीसीआरच हवी. कारण नॉर्वेच्या डॉ. हॅन्सनने 1873 मध्ये पाहिलेला हा जंतू आजही प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही.

उंबऱ्यातली_आशा
मोठ्या माणसांच्या गप्पा वाचल्या. आता घरोघर रुग्ण शोधायच्या मोहिमेतलं ऐका. मी आणि पुरुष स्वयंसेवक जोडीने फिरतो. बायकांना मी तपासायचं, पुरुषांना त्याने. धानकापणीत पुरुष घरी नसतातच. एका खोलीचं घर, सासू समोर बसलेली. सुनेने पाठ कुठं उघडी करायची? मग उंबऱ्यातूनच 'चट्टा आहे का गं?' 'नाही.' भिंतीवर खडूची खूण, पुढचं घर. मागे एका मुलीचा चट्टा दिसला तो तिने केस बांधायला हात वर केले म्हणून. दंडाच्या मागे, फिकट, रुपयाएवढा. तिची आई औषधाचं विचारेना, 'कागदावर नाव कुणाकुणाला दिसेल?' एवढंच चारदा विचारलं. पेन असो की ब्लेड, माझ्या नजरेला न पडलेला माणूस दोघांच्याही हाती लागायचा नाही.

निवृत्त_लॅबवाला
ताई, खरं आहे तुमचं. आणि डॉक्टर, चट्टा आहे तिथे पेन पुरे, हेही मान्य. माझं म्हणणं चट्टा नसलेल्यापुरतं. जंतू सगळ्यात जास्त असतात ते त्याच्याकडेच.

पीएचसी_एमओ
त्यांना मी जिल्ह्याला पाठवतोच. तालुक्याला हवं असेल तर टीबीची लॅब टेक्निशियन आहे, तिला शिकवा. नवीन पद कुणी देणार नाही.

निवृत्त_लॅबवाला
शिकवतो की, बोलवा. पण आधी ॲसिड बघा. रंग दिलेली टीबीची काच धुवायला 25 टक्के सल्फ्युरिक लागतं. कुष्ठाच्या जंतूला ते सोसत नाही, रंग सोडतो, त्याला 5 टक्केच. एकाच बाटलीतून दोन्ही धुतल्या की पॉझिटिव्हचा निगेटिव्ह. हे होताना पाहिलंय मी. तुमच्या तालुक्याला बाटल्या किती आहेत?

पीएचसी_एमओ
आत्ताच फोन केला. एकच आहे. लेबल पुसलंय.