डिनर शो बघितला म्हणजे ब्राझील बघितलाच नाही म्हणे!

कृष्णाकाठची
परवा दक्षिण अमेरिकेच्या धाग्यावर भटका_जीव यांनी लिहिलं, "रिओला जाऊन डिनर शो बघणं म्हणजे महाराष्ट्रात येऊन फाइव्ह स्टारमध्ये चांदीच्या ताटात पिठलं-भाकरी खाणं. खरा सांबा बघायचा तर सोमवारी रात्री पेद्रा दो सालला जा, पिसांच्या बाजारात जाऊ नका." त्यावर धडाधड +१ पडले. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

तर मी त्या बाजारात जाऊन आलेय. आई बरोबर होती, वय 72, दोन्ही गुडघे बदललेले. पेद्रा दो साल म्हणजे बंदराजवळचा खडक, त्यात पायऱ्या कोरलेल्या, गुलामांकडून तिथे मीठ उतरवून घ्यायचे म्हणून ते नाव. सोमवारी वादक मधे टेबल टाकून बसतात आणि बाकी जग भोवती उभं. उभं, बरं का. बसायचं तर खडकावर. आईला तिथे कशी नेऊ, पालखी करू?

म्हणून डिनर शो. जेवण आधी, खेळ नंतर असं सांगितलेलं. सगळ्यांची फेजोआदा (काळा घेवडा आणि डुकराचं मांस) आली, पिकान्या (बीफचा तुकडा) आली, आईचं शाकाहारी ताट काही येईना. येतंय येतंय करत दिवेच गेले. आधी कापोएरा, म्हणजे तिकडची नाचत खेळायची कुस्ती. त्यातलं बेरिंबाऊ हे एकतारी वाद्य बघून आई म्हणाली हे तर आपलं तुणतुणं, मग काठीने वाजवायला लागल्यावर म्हणाली छे गं, धनुष्याला भोपळा बांधलाय. मग माकुलेले, त्यात कोयत्यावर कोयता आपटून ठिणग्या उडत होत्या, पुढच्या टेबलावरच्या काकांनी घाबरून काय मागे ओढलं असेल तर स्वतःची प्लेट, बायको तिथेच. मग निळ्या झग्यात आरसा घेतलेली येमांजा, मग चिमुकल्या छत्र्या घेऊन फ्रेव्हो, आणि शेवटी पिसं, म्हणजे पाठीवर पिसांचा सांगाडा बांधून सांबा नाचणाऱ्या मुली. मग निवेदक एकेका देशाचं नाव घेऊन लोकांना स्टेजवर बोलवायला लागला. "इंदिया!" म्हणाला आणि मागून ढोलवाला ओरडला "अरे बाबा!" आम्ही थक्क. नंतर कळलं की 2009 साली तिकडे कामिन्यु दास इंदियास नावाची भारतावरची मालिका तुफान चालली होती, त्यातली पात्रं उठता बसता अरे बाबा म्हणायची, ते अख्ख्या देशाच्या तोंडात बसलं. आई गेली स्टेजवर. वॉकर घेऊन. फुगडीची दोन पावलं टाकून आली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आईला बाथरूमला न्यायचं होतं, तर मागच्या बोळात त्यातलीच एक मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डब्यातला भात खात होती. सोनेरी सँडल काढून ठेवलेल्या, त्यांच्या टाचेला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पिसांचा तो सांगाडा भिंतीला टेकवलेला. खांद्यावर पट्ट्यांचे लालभडक वळ. आईला बघून ती डबा उचलून उभी राहिली, खुर्ची दिली. आईने वळावर बोट ठेवून सरळ मराठीत विचारलं, दुखतं का गं? ती हसली आणि सांगाडा उचलून आईच्या हातात दिला, बघ वजन. आई दोन्ही हातांनी धरून म्हणाली, अगंबाई.

आता मला सांगा यातलं खोटं काय होतं.

भटका_जीव
ताई, तुमच्या मातोश्रींच्या गुडघ्यांना माझा नमस्कार, पण मी त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. आईला मधे घेतलं की समोरचा गप्प होतो हे इथल्या प्रत्येकाला माहितीये.

मुद्दा असा की सांबा जन्मला तिथे पोलीस लोकांच्या हातातली पांदेरो, म्हणजे त्यांची खंजिरी, जप्त करायचे. कापोएरा तर 1890च्या कायद्यात सरळ गुन्हा. मेस्त्रे बिंबा या कापोएराच्या गुरूंनी 1932 मध्ये बाहिया राज्यातल्या साल्वादोरला शाळा काढली, त्यानंतर हळूहळू त्याला मान मिळाला. ते सगळं तुम्ही स्टेकबरोबर तोंडी लावायला घेताय. बाहियाचा कापोएरा, रेसिफेचा फ्रेव्हो, रिओचा सांबा, सगळं एका ताटात, कशाचा कशाला पत्ता नाही. आणि येमांजा ही देवी आहे हो. 2 फेब्रुवारीला साल्वादोरच्या किनाऱ्यावर लोक तिच्यासाठी समुद्रात फुलं सोडतात. तिच्या नाचासमोर काटे-चमचे वाजवत बसायचं? उद्या अंबाबाईचा गोंधळ चालू असताना समोर कुणी चिकन लॉलीपॉप चावत बसलं तर चालेल का तुम्हाला?

कृष्णाकाठची
शाहीर साबळ्यांनी महाराष्ट्राची लोकधारा केली त्यात पण कोळीनृत्य, वासुदेव, गोंधळ, लावणी एकाच स्टेजवर होतं, तेव्हा तुम्ही "कशाचा कशाला पत्ता नाही" म्हणून उठून गेला होतात का? आणि तुमच्याच बिंबांनी 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांच्यासमोर खेळ करून दाखवला, तो काय घरगुती कार्यक्रम होता? साल्वादोरला बाले फोल्क्लोरिको दा बाहिया हा 1988 साली निघालेला लोकनृत्याचा संच आहे, ते ओरिशांचे, म्हणजे येमांजासारख्या देवतांचे, नाच स्टेजवर करतात, त्यांना कुणी खोटं म्हणत नाही.

भटका_जीव
तिथे जेवण नसतं. हाच तर मुद्दा आहे.

बजेट_बाबूराव
खरं खोटं राहू द्या, बिलाचं कुणी बोलतच नाही. आम्ही घेतलं त्या तिकिटात कैपिरिन्या (त्यांचं लिंबाचं कॉकटेल) नव्हती, पाणी नव्हतं, हॉटेलवरून ने-आण नव्हती. दुसऱ्या दिवशी साध्या हॉटेलात जेवलो तर कोपऱ्यात एकजण गिटार घेऊन बसलेला म्हणून बिलात माणशी कोव्हेर आर्तिस्तिको! म्हणजे गाण्याचा आकार. वर 10 टक्के सर्व्हिस. ती सर्व्हिस नाकारता येते हे मला परत आल्यावर कळलं. आमच्या टूर लीडरला माहिती होतं, तो नुसता हसत होता.

पोहे_प्रेमी
कृष्णाकाठची ताई, आईंना शेवटी खायला काय मिळालं? आमच्या सासूबाई पांव दे केज्युवर जगल्या. चीजचे गोल गोल पाव, मस्त शुद्ध शाकाहारी, एका वेळी आठ आठ खायच्या.

तळ्यात_मळ्यात
पोहे_प्रेमी, त्यात अंडं असतं.

पोहे_प्रेमी
काहीही. वेटरने सांगितलं होतं मांस नाही म्हणून.

तळ्यात_मळ्यात
मांस नसतंच. अंडं असतं. आणि काळ्या घेवड्याच्या भाजीत डुकराचे तुकडे असतात, फारोफात, म्हणजे कसाव्याच्या भाजलेल्या पिठात, पण बऱ्याचदा असतात. सासूबाईंना सांगू नका आता, झालं ते झालं.

मूळ विषयाबद्दल. दोघंही ज्यावर बोलत नाही आहात ते म्हणजे त्या शोमध्ये पिसं सोडून अंगावर काय होतं? सत्तरच्या दशकात रिओत ओस्वाल्दो सार्जेंतेल्ली नावाच्या माणसाने सावळ्या बायकांचे शो करून नाव काढलं, "मुलाता", म्हणजे मिश्र वंशाची बाई, हा जणू एक्स्पोर्टचा माल. तिथल्या टीव्हीवर कार्निव्हलच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं नुसता रंग लावलेली बाई नाचायची, 2017 ला कुठे तिला कपडे घातले. टूरिस्ट शो त्याच पठडीतला. बोळातल्या मुलीचे वळ बघून तुमच्या आईला कळवळा आला, पण ते वळ आपल्या तिकिटानेच पडतात ना?

कृष्णाकाठची
ती मुलगी पास्सिस्ता, म्हणजे सांबा नाचणारी, आहे, लहानपणापासून सांबा स्कूलमध्ये नाचतेय, असं गाईडने नंतर सांगितलं. कार्निव्हलला असाच सांगाडा घालून सांबाड्रोमची, म्हणजे मिरवणुकीच्या रस्त्याची, सगळी लांबी नाचत जातात. तेव्हा वळ पडतात ते खरे आणि शोमध्ये पडतात ते खोटे का? शिवाय शोचे पैसे मिळतात. अंगावरच्या कपड्यांचं म्हणाल तर मान्य आहे, आईने पण पहिली पाच मिनिटं मान खाली घातली होती.

मांडवीकाठ
रिओपर्यंत कशाला जाताय, पणजीला या. संध्याकाळी मांडवीत बोटी सुटतात, तासाभरात देखणी, फुगडी, कोरिदिन्यु उरकतात, आणि मधे डीजे ओरडतो "फक्त कपल्स स्टेजवर, आता फक्त बॉईज!" पुण्या-मुंबईचे बॉईज लगेच शर्ट सोडून वर. आमच्या फुगडीला दोन मिनिटं आणि त्यांना दहा. माझी चुलत बहीण कॉलेजात असताना अशा बोटीवर नाचायची, ती म्हणायची देखणीच्या वेळी लोक चिप्स आणायला उठतात. तुम्हा लोकांना ब्राझीलचं खरं-खोटं कळतं, आमचं नाही कळत.

सातारी_हॉटेलवाला
मांडवीकाठ, बॉईज सगळीकडे तेच, आमच्याकडे पण येतात. माझं छोटं रिसॉर्ट आहे, शनिवारी लावणी ठेवतो. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. पण मी नियम केलाय, जेवण नऊला बंद, लावणी सव्वानऊला, स्टेजवर कुणी चढायचं नाही, मोबाईलची लाईट नाही. पार्टीला पैसे त्याच रात्री. पाहुण्यांना आवडतं. दारात स्वागताला पोतराज पण असतो, कडाडकन आसूड मारला की पोरं खूश.

रोखठोक_रमा
पोतराज दारात?? अहो तो देवीचा आहे, तुमच्या रिसेप्शनचा नाही! आणि सव्वानऊची लावणी म्हणे. लावणी म्हणजे काय वेलकम ड्रिंक आहे का? बैठकीच्या लावणीत एका ओळीवर बाई अर्धा तास अदा करायची, तुमच्याकडे सिनेमातली चार गाणी ट्रॅकवर लावून कंबर हलवतात आणि त्याला लावणी म्हणतात. लोककलेची वाट तुम्ही लावलीत.

सातारी_हॉटेलवाला
ताई, ट्रॅक नाही, ढोलकी आणि पेटी लाइव्ह असते. न बघता बोलू नका. तुम्ही शेवटची लावणी तिकीट काढून कधी बघितली ते सांगा, मग पुढे बोलू.

रोखठोक_रमा
मी थिएटरला जात नाही म्हणून मला मत नसावं हे कुठलं लॉजिक?

बजेट_बाबूराव
धागा ब्राझीलचा होता ना? 😀 पॉपकॉर्न घेऊन बसलोय, सर्व्हिस चार्ज लावू नका.

ढोलकीचा_भाचा
सहसा वाचनमात्र असतो, आज लिहितो. माझी मावशी संगीत बारीत होती, मामा ढोलकी वाजवायचा. चौफुल्याला लहानपणी मी सुट्टीत राहिलोय. रमाताई जी अर्ध्या तासाची अदा म्हणताहेत ती मावशी करायची, खरंच करायची. समोर बसलेला माणूस दौलतजादा करायचा आणि त्या नोटेबरोबर हात पण धरायचा. ते खरं होतं, अस्सल होतं, त्यात काही खोटं नव्हतं. मावशी पुढे पुढे पुण्याच्या एका हॉटेलात टूरिस्ट लोकांसाठी वीस मिनिटांचा कार्यक्रम करायला लागली, तेव्हा मामा चिडला होता, म्हणाला कला विकली. मावशी म्हणाली तिथे कुणी हात धरत नाही आणि साडेदहाला मी घरी असते. धाकटीची नर्सिंगची फी त्याच पैशातून गेली.

आता तुम्ही ठरवा काय ते. पोतराजाचं मात्र रमाताईंचं बरोबर आहे, ते बंद करा मालक.

सातारी_हॉटेलवाला
भाचेसाहेब, विचार करतो. खरं सांगायचं तर पोतराज म्हणजे आमच्या गावचा रिक्षावाला आहे, शनिवारी आसूड घेतो.

रोखठोक_रमा
हे तर अजूनच भारी! बाकी भाचा यांचं वाचलं. मावशींबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं होतं ते आता म्हणत नाही.

तळ्यात_मळ्यात
हात धरण्याचं वाचून माझा मुद्दा थोडा सैल झाला. थोडाच. त्या मुलीला मिळतात किती आणि मालकाला किती, हे कुणी विचारलं नाही.

भटका_जीव
आलो परत. मधे दोन दिवस कामात होतो, तेवढ्यात रिओहून साताऱ्याला पोचलात, शाब्बास.

भाचा यांच्या प्रतिसादानंतर भांडायची इच्छा राहिली नाही म्हणून एक कबुली देतो, कुणी +१ देऊ नये. मी पेद्रा दो सालला गेलो तेव्हा तिथे तीन वॉकिंग टूर उभ्या होत्या, लोकांच्या गळ्यात कॅमेरे, गाईडच्या हातात पिवळी छत्री. त्यातल्या एका छत्रीखाली मीच होतो. टूरमध्ये एक कैपिरिन्या फुकट होती. घ्या.

वाजवणारे लोक मात्र आपापसात हसत, एकमेकांकडे बघून वाजवत होते, आमच्याकडे बघून नाही, आणि हा फरक मी सोडणार नाही. आणि कृष्णाकाठची ताई, येमांजा नाचत असताना समोर बसून जेवायचं का, याचं उत्तर तुम्ही सफाईने टाळलंत, ते अजून आलेलं नाही.

कृष्णाकाठची
टाळलं हे खरं. बाले फोल्क्लोरिको मधे आणून मी पळवाट काढली होती. मी स्वतः तेव्हा खात होते, फेजोआदाच, आणि तेव्हा काही वाटलं नाही, आता तुम्ही गोंधळाचं म्हटल्यावर वाटतंय.

आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "मी कुठे जेवत होते, माझं ताट आलंच नव्हतं. मी हात जोडून बसले होते."