फाइल लॉक ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडायचं की स्टोरेजनं स्वतः सांभाळायचं?

उद्यमबागकर
बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशिन शॉपमध्ये ठरलेली मांडणी असते. ड्रॉइंगवाल्यांकडे विंडोज, कोपऱ्यात लिनक्सचा सर्व्हर, मध्ये दोघांत फाइली वाटून देणारं सांबा. आता ज्यांचं एक युनिट बेळगावात आणि दुसरं निपाणीला, ते दोन्हीकडच्या सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज मागतात. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या पोरांना माझं ठाम सांगणं आहे: लॉकसाठी, म्हणजे एक जण फाइलीत लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्यासाठी, ऑपरेटिंग सिस्टिमवर विसंबू नका.

विंडोजवर लॉक म्हणजे सक्ती. लॉकफाइलएक्स या विंडोजच्या फंक्शननं फाइलचा जो भाग धरला, तिथं दुसरी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) लिहूच शकत नाही. लिनक्सवर तो आपसातला समझोता आहे. जो विचारत नाही त्याला कोणी अडवत नाही. सक्तीचं लॉक तिथंही होतं, ते 2021 मध्ये 5.15 आवृत्तीत काढून टाकलं. त्यात एफसीएनटीएल या लिनक्समधल्या नेहमीच्या लॉकचा नियम असा, की त्याच प्रोसेसमधल्या एखाद्या लायब्ररीनं तीच फाइल उघडून नुसती बंद केली, तरी तुमचं लॉक सुटतं! यावर ग्राहकाचा डेटा ठेवायचा?

स्टोरेजनं स्वतःची लीज द्यावी: ठरावीक मुदतीचा लिहायचा हक्क आणि त्यासोबत दर नव्या लीजला वाढत जाणारा क्रमांक. मुदत संपल्यावर जागा झालेला क्लायंट (फाइल वापरणारं मशिन) जुना क्रमांक घेऊन आला, तर सर्व्हरनं त्याचं लिखाण नाकारावं.

शहापूरचा सिस्टिमवाला
काय सांगूलालाय ओ! कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉकचा सगळ्यात मोठा गुण तुम्ही घेतलाच नाही. प्रोसेस मेली की कर्नल लॉक सोडतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कितीदा जाते ते सांगायला नको. घरी बनवलेली लॉक फाइल, म्हणजे ‘काम चालू आहे’ एवढं सांगायला ठेवलेली फाइल, वीज आल्यावरही तशीच पडून राहते आणि सकाळी कामगार खोळंबतात.

एफसीएनटीएलचा जो दोष सांगितला, त्यावर 2014 च्या लिनक्स 3.15 पासून ओएफडी नावाचे नवे लॉक आहेत. ते उघडलेल्या फाइलीला बांधलेले असतात, असे सुटत नाहीत. मुदतीची लीज एनएफएस 4 मध्ये (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) आयती आहे, लिनक्स सर्व्हरवर ती मुळात 90 सेकंदांची असते. चार जणांच्या टीमनं हे सगळं पुन्हा लिहायचं म्हणजे नवे बग विकत घेणं.

उद्यमबागकर
दादा, लॉक फाइल आणि लीज एकच धरू नका. लॉक फाइल कोणीतरी पुसेपर्यंत राहते, लीज आपोआप संपते. वीज गेली तरी मुदत सरल्यावर दुसऱ्याला हक्क मिळतो.

आणि एनएफएसचं म्हणाल तर तिथंच पाय घसरतो. लिनक्सच्या स्थानिक डिस्कवर फ्लॉक (लॉकचा आणखी एक प्रकार) आणि एफसीएनटीएल एकमेकांना ओळखत नाहीत. एनएफएसवर मात्र 2.6.12 पासून फ्लॉकचं रूपांतर अख्ख्या फाइलीवरच्या एफसीएनटीएलसारख्या लॉकमध्ये होतं. म्हणजे तोच कोड, तीच सिस्टिम, नुसता माउंट बदलला, म्हणजे फाइल स्थानिक डिस्कऐवजी एनएफएसवर गेली, की दोन प्रोग्रॅम एकमेकांना अडवायला लागतात. हे टेस्टिंगमध्ये सापडत नाही, ग्राहकाकडे गेल्यावर सापडतं.

खानापूर रोड
दोघंही सर्व्हरकडून बघताय. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं काय?

डिझायनरनं फाइल उघडली, नेट गेलं, तुमची लीज संपली. तो दुपारभर काम करून सेव्ह दाबतो आणि सर्व्हर नाकारतो. क्रमांकाचं गणित बरोबर असेल, पण त्या माणसाची मेहनत गेली. मी पतसंस्थेत सर्व्हर सांभाळते, मला अशा माणसाला तोंड द्यावं लागतं. नाकारलेलं लिखाण वेगळ्या नावानं जपून ठेवायलाच हवं. मशिनांमधल्या फाइली जुळवणारं सिंकथिंग तसंच करतं: लॉक न लावता, दोन आवृत्त्या भिडल्या की एक बाजूला ठेवतं.

शहापूरचा सिस्टिमवाला
ताई, वर्ड फाइलीला ते चालेल. डेटाबेसच्या फाइलीची दुसरी प्रत बाजूला ठेवून काय करणार? ती कोण जुळवणार?

व्हीटीयू 2019
हडूपची एचडीएफएस ही अनेक मशिनांवर पसरलेली फाइल सिस्टिम बघा, तिथं दोन्ही आहे. नेमनोड (फाइलींची नोंद ठेवणारा सर्व्हर) आणि डेटानोड (डेटा ठेवणारे सर्व्हर) आपल्या डिरेक्टरीत in_use.lock नावाच्या फाइलीवर ऑपरेटिंग सिस्टिमचंच लॉक घेतात, म्हणजे चुकून दुसरी प्रोसेस त्याच डिरेक्टरीवर चालू होत नाही. क्लायंटनं फाइलीत लिहायचं असेल तर नेमनोडकडून लीज, तिची सॉफ्ट मर्यादा 60 सेकंद, त्यानंतर दुसरा क्लायंट ती घेऊ शकतो. एका मशिनपुरतं कर्नल, मशिनांच्या मध्ये लीज.

उद्यमबागकर
इतकं मला मान्य आहे. डेटा डिरेक्टरीवर कर्नलचं लॉक हवंच. पण सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीत ते वेगळं लिहा. तिथं प्रोसेस मेल्यावर लॉक सुटतं खरं, पण लगेच सुटेल याची हमी मायक्रोसॉफ्टही देत नाही. सर्व्हर रीस्टार्ट करताना थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. उघडी फाइल पुसता येईल हे लिनक्सचं गृहीतकही तिथं धरू नका.

शहापूरचा सिस्टिमवाला
लीजबद्दल माझं मत बदललेलं नाही. सांबाच्या क्लस्टरसाठी (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांसाठी) जे सीटीडीबी आहे, ते आपलं क्लस्टर लॉक सामायिक फाइल सिस्टिमवर एफसीएनटीएलनंच घेतं. इतकी वर्षं चालतंय ना?

उद्यमबागकर
चालतंय, कारण खालची फाइल सिस्टिम ते लॉक सगळ्या नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) खरं पाळते तिथंच. ती पाळते का, हे तपासायला त्यांना वेगळं टूल द्यावं लागतं. शिवाय त्याच सीटीडीबीत आता फाइल सिस्टिमऐवजी एटसीडी किंवा सेफ (Ceph) या वेगळ्या स्टोरेज सिस्टिमवर लॉक ठेवायची सोय आहे. बेळगाव-निपाणी लाइनवर तुम्ही कोणती फाइल सिस्टिम देणार, ते आधी सांगा.

खानापूर रोड
आणि नाकारलेली फाइल कुठं ठेवणार, तेही.