तार कुठे तुटली? नातवाच्या बी-पेशींबद्दल विचारायचं आहे

जुना_सेमाफोर (बडोदे):
नमस्कार मंडळी. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला, प्रतापनगरहून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. राहतो दांडिया बाजारात. जीवशास्त्र शाळेतच सुटलं, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलीचा मुलगा दीड वर्षाचा आहे. पहिले सहा महिने ठणठणीत. मग कान वाहायला लागला, पाठोपाठ न्यूमोनिया, बरा झाला, पुन्हा न्यूमोनिया. शेवटी एका डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "याला टॉन्सिल दिसतच नाहीत." तिथून चक्रं फिरली. रिपोर्टात आयजीजी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, अगदीच कमी, सीडी १९ पेशी, म्हणजे ती बनवणाऱ्या बी-पेशी, जवळपास शून्य, आणि बीटीके नावाच्या जनुकात दोष.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बी-पेशी तयार होताना तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरचा सिग्नल आत पोचत नाही. बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण सिग्नल म्हटल्यावर कान टवकारले. बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी, म्हणून तिथे काही विचारलं नाही. इथे विचारतो.

रिसेप्टर जंतू ओळखायला असतो ना? मग हाडाच्या आत, जिथे जंतूच नाही, तिथे सिग्नल देतं कोण? आणि एक पार्ट खराब झाला तर माल हलका निघावा, साफ शून्य कसा? शिवाय हा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो म्हणतात. मुलीला एक एक्स माझाच गेलाय.

काढाप्रेमी:
आजोबा, गुळवेल आणि हळद सुरू करा. इम्युनिटी झपाट्यानं वाढते.

पिपेटवाली:
काढाप्रेमी, प्रतिपिंडं बनवणारी पेशीच जिथे नाही, तिथे वाढवणार काय?

आजोबा, मी सयाजीराव विद्यापीठातून एमएस्सी केलं, आता पुण्यात लॅबमध्ये आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरा तोच दिसतोय. पुरुषाकडे एक्स एकच. त्यात हा दोष असता तर लहानपणी तुम्हीच आजारी पडला असतात. म्हणजे तुमच्याकडून आलेला नाही. एक तर तुमच्या मिसेसकडून मुलीकडे आला, नाही तर नव्यानंच उद्भवला. तसंही होतं.

आता सिग्नल. प्रत्येक बी-पेशी आपल्या रिसेप्टरचं जनुक स्वतःच कापून जोडते. व्ही, डी, जे अशा तुकड्यांच्या ढिगातून एकेक उचलायचा आणि सांधायचा. (हे तुकडे सांधले जातात हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं.) सांध्यावर काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जात असल्यामुळे साधारण तीनातले दोन सांधे फुकट जातात. म्हणून पेशीला तपासावं लागतं: रिसेप्टर जड आणि हलकी अशा प्रथिनांच्या साखळ्यांचा, त्यातली जड साखळी नीट बनली की नाही?

त्यासाठी ती जड साखळीला एक तात्पुरती, उसनी हलकी साखळी लावते आणि जोडी बाहेर पृष्ठभागावर उभी करते. याला प्री-बी रिसेप्टर म्हणतात. जंतू लागतच नाही, हे रिसेप्टर एकमेकांनाच चिकटतात आणि आत निरोप सुटतो. तो हातोहात पुढे देणाऱ्या प्रथिनांच्या रांगेत लिन, सिक, ब्लिंक आणि तुमच्या रिपोर्टातलं बीटीके. निरोप असा: जड साखळी जमली, जोडीतल्या दुसऱ्या क्रोमोसोमवरची कापाकापी थांबव, काही वेळा विभाजन कर, मग खऱ्या हलक्या साखळीला हात घाल.

तुमच्या नातवात जड साखळी छान बनते, निरोप मात्र वाटेत अडतो. आणि निरोप आला नाही तर पेशी स्वतःला नापास समजून मरते. म्हणून शून्य. गंमत म्हणजे उंदरात हेच जनुक बिघडलं तर बी-पेशी कमी होतात, पण असतात. माणसात जवळजवळ दारच बंद.

पहिले सहा महिने आईकडून नाळेतून आलेली आयजीजी पुरली, ती संपली आणि आजार सुरू झाले.

जुना_सेमाफोर:
पोरी, हे तर आमचंच! सेमाफोरची, म्हणजे जुन्या हातवाल्या सिग्नलची, तार तुटली की वजनानं हात आपोआप आडवा होतो. बिघाड म्हणजे लाल, गाडी उभी. तुमच्याकडे नुसती उभी राहत नाही एवढाच फरक.

म्हणजे सिग्नल जितका जोरात तितकं चांगलं का?

पिपेटवाली:
नाही, इथेच पलटी आहे. पूर्ण रिसेप्टर तयार झाला आणि हाडाच्या मज्जेतच त्यानं काही घट्ट धरलं, तर ते आपलंच शरीर असणार. तिथे जोरदार सिग्नल म्हणजे लाल. पेशी हलकी साखळी बदलून पाहते, नाही जमलं तर मरते, नाही तर सुन्न होऊन पडते. पुढे रक्तात-प्लीहेत फिरतानाही रिसेप्टरकडून बारीकशी कुजबुज सतत लागते. ती थांबली की प्रौढ पेशीसुद्धा टिकत नाही.

जुना_सेमाफोर:
ट्रॅक सर्किट. रुळातून बारीक करंट कायम चालू. बंद पडला की रिले पडतो आणि सिग्नल लाल.

पिपेटवाली:
हे मी आता लॅबमध्ये खपवणार.

ठाण्याची_आई:
आजोबा, माझ्या मुलाला हेच आहे, आता चौदा वर्षांचा. दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. शाळा, क्रिकेट, भांडणं सगळं चालू. १९५२ साली ब्रूटन नावाच्या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या मुलात हा आजार पहिल्यांदा ओळखला, तेव्हाही उपाय गॅमा ग्लोब्युलिनच होता. खर्च जड जातो, खोटं नाही सांगत. तोंडावाटे पोलिओचे थेंब (जिवंत विषाणूंचे) त्याला अजिबात नकोत. घरातल्या दुसऱ्या बाळालाही द्यायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

जुना_सेमाफोर:
सगळ्यांचे आभार. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना गेला. "छाती भरली" एवढंच घरात सांगतात. हे मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

पण धाकट्या मुलीला आठवा महिना लागलाय. तिनं तपासून घ्यावं का?

पिपेटवाली:
हो, याच आठवड्यात. जेनेटिक काउन्सेलरकडे जाताना नातवाचा जनुकाचा रिपोर्ट बरोबर न्या, नेमकी कुठली चूक शोधायची ते त्यातूनच कळतं. मुलगा झाला तर जन्मतः देतात ते पोलिओचे थेंब आधी थांबवायला सांगा आणि बी-पेशी मोजून घ्या.

जुना_सेमाफोर:
उद्या सकाळीच फोन लावतो तिला.