मदत हवी आहे: स्लाउची टोपीचं टोक उभं राहतंय

मैत्रिणींनो (विणणारे मित्रही असतीलच), भाची डिसेंबरात मनालीला निघालीय. तिला मागे सैल लोंबणारी स्लाउची टोपी हवीय. "कानटोपी दिलीस तर घालणार नाही," अशी सक्त ताकीद आहे!

लोकर अ‍ॅक्रिलिक, मध्यम जाडीची. ४ मिमीच्या गोल सुईवर १० सेंमीत २२ टाके बसतात. तिचं डोकं ५६ सेंमी, म्हणून ११२ टाके घालून दोन सुलट-दोन उलटची पट्टी ५ सेंमी विणली. मग दर चार टाक्यांमागे एक वाढवून १४० केले. इथवर झकास, पट्टी कपाळाला छान धरते.

घोळ माथ्याशी आहे. पट्टीपासून १४ सेंमीवर टाके कमी करायला घेतले: सात ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र, एक ओळ आड. माथा सपाट पडण्याऐवजी विदूषकाच्या टोपीसारखं टोक आलंय. आता उसवून दहा भाग करू, की सातच ठेवून शेवटी प्रत्येक ओळीत कमी करू? मला दहाच बरे वाटतात, पण करून पाहिलेल्या कुणी सांगा.

दुसरं, माथ्याला इस्त्रीची हलकी वाफ दिली तर झोळ येईल का? अ‍ॅक्रिलिक वाफेने कायमचं ढिलं पडतं, म्हणून पट्टीजवळ नेणार नाही.

आणि हो, उरलेल्या अर्ध्या गुंड्यात एका संध्याकाळी होईल असं काय सुचतंय? हेअरबँड सोडून, ते तिच्याकडे ढीगभर आहेत.