इन्सुलिनचं स्टेनिंग सगळ्याच पेशींत पॉझिटिव्ह येतंय. अँटिबॉडी बदलू का?

बीटा_कल्चर:
मानवी आयपीएस पेशींपासून (कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी) बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी करतोय. गिनीपिगमधली इन्सुलिन अँटिबॉडी लावली तर जवळपास सगळ्या पेशी उजळतात, पण क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) इन्सुलिनचं जनुक जेमतेम दिसतं. नुसती सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला धरणारी चमकती अँटिबॉडी) लावलेली काच स्वच्छ आहे. शेवटच्या टप्प्यातल्या मीडियममध्ये आयटीएस-एक्स (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम असलेलं पूरक) १:१०० आहे.

आयलेट३१:
अँटिबॉडीचा दोष नाही. दिसतंय ते इन्सुलिनच आहे, फक्त तुमच्या पेशींनी बनवलेलं नाही. आयटीएस-एक्स १:१०० म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन, सुमारे १.७ मायक्रोमोलर. उपाशीपोटी रक्तात असतं त्याच्या दहा हजार पटींहून जास्त! पेशी ते आत ओढून घेतात, मरणाऱ्या पेशींत तर ते जास्तच साठतं. ईएस (भ्रूणातल्या मूल) पेशींच्या बाबतीत हीच गफलत २००३ साली 'सायन्स'मध्ये दाखवली गेली होती. नुसत्या सेकंडरीच्या कंट्रोलमध्ये हे पकडलं जाणारच नाही. विभेदन न झालेल्या आयपीएस पेशी २४ तास त्याच मीडियममध्ये ठेवा आणि त्यांचं स्टेनिंग करा; त्याही उजळल्या तर इन्सुलिन मीडियममधलंच आहे.

सी-पेप्टाइडकडे वळा. पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा आधीच्या ८६ अमिनो आम्लांच्या प्रोइन्सुलिनमधून हा ३१ चा तुकडा सुटतो. बाहेरून घातलेल्या शुद्ध इन्सुलिनमध्ये तो नसतो. आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेची जीएन-आयडी४ ही रॅट मोनोक्लोनल चांगली आहे. मिलीला २ ते ५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा, ४ अंशांवर रात्रभर. मात्र ती प्रोइन्सुलिनलाही चिकटते, त्यामुळे केंद्रकाशेजारीच पुंजका दिसला तर पेशी पक्व झाली असं समजू नका.

काचपट्टी:
पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून उंदराचे आयलेट घेऊ नका. उंदराच्या सी-पेप्टाइडचा क्रम बराच वेगळा आहे. मानवी सी-पेप्टाइडवर बनवलेली अँटिबॉडी तिथे गप्प बसली तर चांगली अँटिबॉडी खराब ठरवाल. मानवी स्वादुपिंडाचे छेद किंवा एंडोसी-बीटाएच१ (मानवी बीटा पेशींची प्रयोगशाळेतली वाण) पेशी वापरा.

एका थराच्या पेशींना ४% पीएफए (पेशी आहे तशा टिकवणारं रसायन) २० मिनिटं पुरे. पेशींचे गोळे असतील तर तासभर, मग ३०% सुक्रोजमध्ये बुडेपर्यंत, आणि १० मायक्रॉनचे क्रायोछेद (गोठवून कापलेले काप). अख्ख्या गोळ्यात अँटिबॉडी गाभ्यापर्यंत नीट पोचत नाही, मग फक्त कडाच चमकतात. अँटिबॉडी आत शिरावी म्हणून ०.३% ट्रायटन आणि ती भलतीकडे चिकटू नये म्हणून ५% डाँकी सीरम.

बीटा_कल्चर:
सोबत ग्लुकागॉनची (अल्फा पेशींचं संप्रेरक) माउसमधली अँटिबॉडी लावली तर? एकदा करून पाहिलं, तेव्हा सगळ्या अल्फा पेशींत सी-पेप्टाइडही दिसलं.

काचपट्टी:
रॅट आणि माउसच्या आयजीजी (अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार) इतक्या सारख्या असतात की साधी अँटि-रॅट सेकंडरी माउस प्रायमरीलाही धरते. माउसविरुद्ध क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब केलेली (माउसच्या आयजीजीला चिकटणारा भाग काढून टाकलेली) अँटि-रॅट घ्या आणि रॅटविरुद्ध केलेली अँटि-माउस. शिवाय एका काचेवर फक्त माउस प्रायमरी आणि अँटि-रॅट सेकंडरी लावा. ती काळी दिसली तरच दोन्ही संप्रेरकं एका पेशीत आहेत असं लिहा. सुरुवातीच्या विभेदनात तशा पेशी खरोखरही असतात, म्हणून ही काच गाळू नका.