अनुभव धागा: घरच्या बागेतला रानतेरडा

गुलाबासारखा भरगच्च नर्सरीतला नव्हे, श्रावणात डोंगरउतारावर फुलतो तो एकेरी तेरडा. कुंडीत, अंगणात कोणी लावला असेल तर लिहा. बी कधी टाकलं? पुढच्या पावसाळ्यात आपोआप आला का?

•

आमच्या कुंपणालगत आहे. एकदाच बी टाकलं, पुढचं काम तेरड्याने स्वतःच घेतलं. पिकलेल्या शेंगेला हात लागायचा अवकाश, फट्कन फुटते, सालं आत गुंडाळतात आणि बी उडतं. मृगाचा पाऊस झाला की तिथेच रोपांची दाटी. निम्मी तरी उपटावी लागतात, नाहीतर सगळीच काटकुळी होतात. जीवावर येतं, पण उपटा.

•

गच्चीवर दुपारच्या उन्हात माना टाकतो. खोडात नुसतं पाणी, उजेडात धरलं तर जवळजवळ आरपार दिसतं. पाणी घातलं की परत ताठ. म्हणून सारखं ओतू मात्र नका, बुंधा कुजतो. सकाळचं ऊन उत्तम.

•

मी ‘गावठी’ म्हणून घेतलेलं बी डबल निघालं! मधमाश्या फारशा फिरकल्या नाहीत. एकेरी फुलाला मागे बारीक वाकडी शेपटी असते, मध तिच्यात. नव्या फुलात परागकोशांची टोपी असते. ती गळली की खालची कुक्षी उघडी पडते. भिंगातून बघा, दोन्ही तऱ्हेची फुलं एकाच झाडावर सापडतील.

•

बी ओळखीच्यांच्या परसातून आणा, कासहून नको. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहेच, शिवाय तिथला गुलाबी गालिचा मुख्यतः वेगळ्या जातीचा, इंपेशन्स लॉई. जांभ्यावरच्या पातळ मातीतलं ते रोप कुंडीत कशाला छळायचं?

•

शेपटीवर शिंग असलेल्या जाड अळ्या पानं फस्त करतात. त्यांचे पुढे मोठे पतंग होतात, त्यामुळे मी औषध मारत नाही. कडेची झाडं त्यांना सोडलीत.

•

गौरीला आमच्याकडे तेरडाच लागतो. गौरी कधी लवकर, कधी उशिरा. म्हणून पेरणी दोनदा करते, पहिल्या पावसाला आणि मग पंधरवड्याने. बियांसाठी शेंग फुगून फिकट झाली की मुठीत धरूनच तोडायची, मुठीतच फुटू द्यायची. सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवते, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. कोणाला हवं तर देईन, फक्त पांढऱ्याचं बी नाही माझ्याकडे.