थ्रॉटल सोडल्यावर फटफट येते म्हणून दुय्यम हवेची यंत्रणा घरीच काढावी का?

रविवारचा_पाना:
नमस्कार. माझ्याकडे 2008 सालची, 600 सीसीची, चार सिलिंडरची स्पोर्ट मोटारसायकल आहे. इंधनपुरवठा इंजेक्शनचा आहे आणि धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाखालच्या नळीत आहे. दोन महिन्यांपूर्वी मी मूळ सायलेन्सरच्या जागी फ्री-फ्लो प्रकारचा (धूर कमी अडवणारा) हलका सायलेन्सर घरीच बसवला. तेव्हापासून वेगात असताना थ्रॉटल मिटला की इंजिनाच्या मिनिटाला साधारण 5000 ते 3000 फेऱ्यांच्या दरम्यान मागून लवंगी फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज येतो. ओळखीच्या एका मेकॅनिकचे म्हणणे असे की, प्रदूषण कमी करण्यासाठी कंपनीने लावलेला सगळा पसारा काढून टाकला तर हा आवाज जाईल आणि इंजिनाची ताकदही वाढेल.

काल टाकी उचलून पाहिली. एअरबॉक्समधून (हवेच्या फिल्टरच्या डब्यातून) एक जाड रबरी नळी निघून काळ्या प्लास्टिकच्या विद्युत झडपेत जाते आणि तिथून दोन नळ्या सिलिंडर हेडच्या झाकणावरच्या दोन चपट्या धातूच्या टोप्यांना जोडलेल्या आहेत. हे सारे काढून टोप्यांच्या जागी सपाट पट्ट्या बसवण्याचा माझा विचार आहे. याने ताकद खरोखर वाढते का, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागेल का, आणि याच ओघात कन्व्हर्टरही काढावा का? मित्राच्या नव्या गाडीत इंधनाच्या वाफेचा एक काळा डबाही आहे. त्याचेही काय करावे, असे तो विचारतो आहे.

कॅमचेन:
तुम्ही वर्णन केलेली यंत्रणा म्हणजे दुय्यम हवापुरवठा. सुझुकी तिला पेअर म्हणते, यामाहा एआयएस म्हणते, काम मात्र सारखेच. एक्झॉस्ट झडप उघडून मिटली की जळालेल्या वायूच्या लाटेमागे नळीत क्षणभर दाब कमी होतो. त्या ओढीने टोपीखालची पातळ पोलादी पात्यांची रीड झडप उघडते आणि एअरबॉक्समधली स्वच्छ हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडण्याच्या वाटेत, शिरते. तिथल्या उष्णतेत ती अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकते. गाडी नुकतीच सुरू झालेली असताना कन्व्हर्टर थंड असतो आणि जवळजवळ निकामी असतो, तेव्हा या हवेचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

यावरून ताकदीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ही हवा ज्वलनकक्षात जातच नाही, ती ज्वलन संपल्यानंतरच्या वाटेवर मिसळते. त्यामुळे यंत्रणा काढल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. काहीशे ग्रॅम वजन कमी होते आणि झाकणापाशी हात घालायला जागा मिळते, एवढाच काय तो लाभ.

मला तुमच्या मजकुरातली दुसरीच गोष्ट खटकली. ही यंत्रणा 2008 पासून त्या गाडीवर आहे आणि इतकी वर्षे तिने फटफट केली नाही. फटफट सायलेन्सर बदलल्यावर सुरू झाली. मग संशय आधी कोणावर घ्यायचा? थ्रॉटल मिटल्यावर सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही, थोडे न जळलेले इंधन नळीत जाते, आणि तिथे त्याला ताजी हवा मिळाली की ते तिथेच पेटते. ती हवा रीड झडपेतून येऊ शकते, तशीच ती सायलेन्सरच्या सैल सांध्यातूनही आत ओढली जाते.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी दोन तपासण्या करा. पहिली, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, हातात जाड मोजा घालून दुमडलेले फडके सायलेन्सरच्या तोंडाशी दोन-तीन सेकंदच दाबून धरा आणि सांध्यापाशी कान द्या. गळती असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते आणि बहुधा क्लॅम्पच्या कडेला काजळीची रेघही दिसते. दुसरी, एअरबॉक्सकडून येणारी जाड नळी नळी दाबायच्या चिमट्याने तात्पुरती बंद करा आणि एक फेरी मारून पाहा. आवाज तसाच राहिला तर दुय्यम हवेचा त्यात दोष नाही. आवाज थांबला तर विद्युत झडप उघडी अडकली आहे का ते पाहावे लागेल. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांत थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) निर्वात झडपेचा पडदा ओढून ही हवा बंद करत असे, आणि ती सोय नेमकी हीच फटफट टाळण्यासाठी होती.

जुनी_कार्ब:
कॅमचेन यांच्याशी सहमत आहे. माझा अनुभव सांगतो, कारण मी हे सारे उत्साहाने काढून मोकळा झालो होतो. माझी गाडी कार्ब्युरेटरची होती आणि तिच्या झडपेला मॅनिफोल्डवरून एक बारीक निर्वात नळी येत होती. झडप काढल्यावर त्या बारीक तोटीवर मी हाताशी असलेली रबरी टोपी बसवली. महिनाभर सगळे ठीक चालले. मग सिग्नलला उभे असताना इंजिनाच्या फेऱ्या 1200 वरून आपोआप 2000 वर चढू लागल्या आणि थ्रॉटल मिटला तरी लवकर खाली येईनात. मी कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केले, प्लग बदलले, थ्रॉटलची केबलही बदलली. शेवटी टॉर्च लावून पाहिले तेव्हा दिसले की ती टोपी उष्णतेने तडकली होती आणि भेगेतून हवा शिरून त्या सिलिंडरचे मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) झाले होते. बोटाने भेग दाबली की फेऱ्या खाली येत, बोट काढले की पुन्हा वर. ज्या फटफटीसाठी हा खटाटोप केला होता ती तर आणखी वाढली होती.

एअरबॉक्सच्या भोकाचेही तसेच आहे. ते उघडे राहिले तर फिल्टर टाळून धूळ थेट इंजिनात जाते. चिकटपट्टी लावण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

टोप्या उघडणारच असाल तर रीड झडपा तपासून घ्या. नळीच्या बाजूने तोंडाने फुंकल्यास हवा इंजिनाच्या दिशेने जायला हवी आणि उलट दिशेने अजिबात येता कामा नये. पात्याखाली कार्बनचा कण अडकला की तापलेला वायू उलटा वर चढतो आणि रबरी नळी आतून कडक होत जाते. माझी एक नळी दाबल्यावर पापडासारखी मोडली होती.

लॅम्बडा_147:
मी इंजिन ट्यूनिंगचे काम करतो, म्हणून उरलेल्या प्रश्नांबद्दल लिहितो. ट्यूनर ही यंत्रणा बंद करायला सांगतात हे खरे आहे, परंतु त्याचे कारण ताकद नव्हे, मोजमाप आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी प्रोब लावून हवा आणि इंधनाचे प्रमाण मोजताना वरून मिसळलेल्या ताज्या हवेमुळे आकडा खोटा लीन दिसतो, आणि त्यावर भरवसा ठेवून कोणी इंधन वाढवले तर गाडी प्रत्यक्षात रिच (इंधन जास्त) होऊन बसते. मापन चालू असेपर्यंत नळी चिमट्याने दाबली की हे काम भागते. त्यासाठी यंत्रणा उपटून काढण्याची गरज मला तरी कधी पडली नाही.

विद्युत झडपेचा कनेक्टर काढला तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) दोष नोंदवतो आणि दिवा लागतो. झडपेच्या जागी विद्युत रोध (रेझिस्टर) लावून त्याला फसवणारे लोक आहेत. पुढे एखादा खरा बिघाड शोधताना हेच रोध आणि जोडलेल्या तारा कसा गोंधळ घालतात, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

कन्व्हर्टरला हात लावू नका. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. मिश्रण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास राहिले तर तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड ही तिन्ही एकदम कमी करतो. तो काढल्यावर मागे बसणाऱ्याला आणि शेजारी उभ्या असलेल्याला डोळे चुरचुरेपर्यंत वास येतो. ताकदीत जो किरकोळ फरक पडायचा तो नव्या मॅपिंगशिवाय, म्हणजे ईसीयूमधली इंधनाची गणिते बदलल्याशिवाय, हाती लागत नाही. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनावरून अशी साधने काढणे बहुतेक देशांत बेकायदा आहे. केवळ ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी, पण तुमची गाडी रोजच्या वापरातली दिसते.

मित्राच्या गाडीतल्या काळ्या डब्यात सक्रिय कोळसा असतो. तो टाकीतल्या पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती इंजिनाला परत पाजतो, म्हणजे तुमचेच पेट्रोल वाचवतो. 2016 साली लागू झालेल्या युरो 4 नियमांनंतर तो पुष्कळ मोटारसायकलींवर आला. तो काढताना टाकीत हवा येऊ देणारी श्वासनळी चुकून बंद केली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि धावती गाडी इंधनाअभावी बंद पडते. त्याला डबा राहू द्यायला सांगा, आणि पेट्रोल टाकीच्या गळ्यापर्यंत भरू नकोस असेही सांगा, कारण द्रव पेट्रोल डब्यात शिरले की कोळसा वाया जातो.

रविवारचा_पाना:
सर्वांचे आभार. आज सकाळी फडक्याची तपासणी केली. सायलेन्सर जिथे मधल्या नळीवर चढतो तिथे खालच्या बाजूने स्पष्ट फुसफुस येत होती आणि क्लॅम्पखाली बोटभर लांबीची काळी रेघ होती. उघडून पाहिले तर ग्रॅफाइटचे गॅसकेट तिरके बसून एका कडेने चुरगळले होते, म्हणजे चूक माझ्याच हातची होती. नवे गॅसकेट सरळ बसवून फेरी मारली. माळ थांबली, आता उतारावर एखाद-दुसरा फटका वाजतो. नंतर चिमटा लावूनही पाहिले, तोही गेला. म्हणून टोप्या उघडल्या, तेव्हा एका पात्याखाली खरोखरच कार्बनचा दाणा निघाला. तो काढून पाती पुसली आणि सगळे होते तसे जोडून टाकले. सपाट पट्ट्यांचा विचार सोडला आहे.

कॅमचेन:
उत्तम. नवे गॅसकेट दोन-तीनदा तापून थंड झाले की दबते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात गाडी थंड असताना क्लॅम्पचा बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.